बायनाबाईचा कान

"हात आधी टेकव, कमळा. हवेतला हात थरथरतेच. मनगट टेबलाले, कोपर टेबलाले, मंग भिंगात डोळा, आन् सगळ्यात शेवटी आयर्न."

वच्छलाबाईंचं हे बोलणं मी इतक्यांदा ऐकलं आहे, की सोल्डरिंगचं आयर्न तापायला लावलं की आधी तेच आठवतं. बल्लारपूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. त्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या, मी घर पाहायचे. पौर्णिमेला त्या विहारात, एकादशीला मी मंदिरात, आणि सुटीच्या दुपारी दोघी त्यांच्या टेबलाशी. आता त्या नागपूरला मुलीकडे असतात. आमचे हे मिलमधून रिटायर झाले तसे आम्ही मूल गावी आमच्या घरी आलो, आणि त्यांच्या टेबलाच्या मापाचं एक टेबल मी इथं करून घेतलं.

सुरुवात जपाच्या काउंटरपासून झाली होती. बोटात अंगठीसारखं घालायचं ते प्लास्टिकचं यंत्र. नाम घेतलं की बटन दाबायचं, आकडा एकानं पुढं जातो. माझं नव्वद हजारांच्या पुढं गेलं आणि बंद पडलं. वच्छलाबाईंनी ते उघडून भिंगाखाली धरलं. आत बटनाची टाचणीच्या टोकाएवढी जोडणी सुटली होती. त्या करून देतील म्हणून मी बसून राहिले, तर त्यांनी आयर्न माझ्याच हातात दिलं. चार दुपारी गेल्या. यंत्र चालू झालं, आकडा मात्र शून्यावर आला. मी पुन्हा एकपासून सुरू केलं, आणि त्या शून्याचं मला काहीच वाईट वाटलं नाही.

पुढं भजनी मंडळातल्या सगळ्याजणींचे काउंटर माझ्याकडं येऊ लागले, मग रिमोट, मग कोणाचं खेळणं. पाय असलेल्या मोठ्या पार्टांत मला तेवढी गोडी नाही. मला आवडतात ते बोर्डाच्या पाठीवर नुसते ठेवून जोडलेले, बिनपायांचे. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा कपॅसिटर चिमट्यात धरायचा, दोन्ही टोकांना सोल्डरचा एकेक थेंब द्यायचा, थेंब चमकून बसला की मगच श्वास सोडायचा. आधी सोडला तर दाणा उडालाच. भर मे महिन्यात पंखा बंद, कूलर बंद. आमचे हे तेवढा वेळ अंगणात कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आत ऑपरेशन चालू आहे.

यंदा वैशाख संपला आणि अधिक महिना लागला. महिनाभर रोज सकाळी तुपाच्या तेहेतीस वाती लावायच्या आणि त्या विझेपर्यंत बोलायचं नाही, असा माझा नेम. वाती हातानं वळायच्या, तुपात भिजवायच्या. ज्या देवघरात नेम धरला तिथंच तो पुरा करायचा, मध्ये रात्र बाहेर काढायची नाही, असं आमच्याकडं मानतात. मौनात मला कोणी काही विचारत नाही, फोन हातात देत नाही. म्हणून यंदा वाती लावल्या की मी टेबलाशी बसू लागले. तेवढा तास माझा असतो.

महिन्याच्या पहिल्याच बुधवारी, बाजाराच्या दिवशी, बायनाबाई आली.

बायनाबाई मोहाडटोल्याची. जंगलातून पळसाची पानं आणून द्रोण-पत्रावळी लावते आणि दर बुधवारी मूलच्या बाजारात बसते. बसण्याआधी माझ्याकडं द्रोण टाकून जाते. तरुणपणी तापात तिचा एक कान गेला, दुसरा अर्धा राहिला. पाचेक वर्षांपूर्वी एका शिबिरात तिला ऐकायचं मशीन मिळालं. खिशात ठेवायची काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, आणि तिच्यातून निघून कानात जाणारी तार. खिसा कुठला, ती डबी चोळीत खोचते. मशीन लावलं तरी माझं बोलणं तिला पुरतं ऐकू यायचं नाही. तुह्यासंग बोलाले मले दोन मशिनी पायजे, असं ती साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ती कायम ओरडूनच बोलते.

त्या दिवशी ती ओरडली नाही. द्रोणांचा गठ्ठा ओसरीवर ठेवला, कानात तार नव्हती, चोळीतून डबी काढून माझ्यासमोर ठेवली आणि पायरीवर बसली. मी पाणी दिलं. मग ती बोलली, आणि बोलू लागली तशी पुन्हा नेहमीची झाली.

मशीन मोहफुलाच्या दिवसांतच बंद पडलं होतं. आधी खरखर, मग काहीच नाही. सेल नवे घालून पाहिले. चंद्रपूरला एका दुकानात नेलं तर त्यानं हातानं खूण केली, फेकून दे. आता सोमवारपासून बिडीच्या तेंदूपानाची तोडाई सुरू होणार होती. अवकाळीनं यंदा पानं उशिरा आली होती. आणि पत्रूनं सांगितलं होतं की बायनाबाईला टोळीत घेणार नाही.

पत्रू तिच्या दिराचा मुलगा, टोळीचा मुकादम. पहाटे पंधरा-वीस बाया-माणसं मिळून जंगलात जातात, एकमेकांना हाका देत पानं तोडतात. हाक म्हणजे मी इथं आहे, तू कुठं आहेस. हाकेला हाक आली नाही की सगळे थांबतात. ज्या बाईला हाक ऐकू येत नाही ती स्वतःही धोक्यात आणि टोळीही. म्हणून पत्रूनं तिला फडावर बसायला सांगितलं होतं. फड म्हणजे गावाच्या कडेची मोकळी जागा, तिथं पानं आणून मोजतात, वाळवतात. तिथं म्हाताऱ्या आणि बाळंतिणी सावलीत बसून पुडे बांधतात.

"फडावर मी बसत नाई," बायनाबाई म्हणाली. "नऊ वर्साची होती तईपासून जंगलात जातो. कोनतं झाड कवा फुटते थे पत्रूले मी दाखवलं. आता मले मनते, काकू, सावलीत बस."

मी डबी उचलली. तिला काही सांगायचं तर माझा आवाज पुरणार नव्हता. मी तिचा हात हातात घेतला, डबीवर ठेवला, माझा हात वर ठेवला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरशी नेऊन रविवारवर बोट टेकवलं. बायनाबाईला वाचता येत नाही, पण लाल आकडे तिला कळतात.

"आयतवारी?" ती ओरडली. "पक्कं? मंग मी पत्रूले सांगतो, कमळाबाईनं जबान देली. आयतवारी माहा कान येते."

मी मान हलवली. कडुनिंबाखालून हे म्हणाले की आता गावात दवंडी द्यायची गरज राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मौनाच्या वेळात मी डबी उघडली. आत बोर्डावर एका कोपऱ्यात हिरवट-पांढरं काहीतरी साचलं होतं, तांब्याच्या भांड्याला चढतं तसं. घाम. पाच उन्हाळे चोळीतला घाम त्या डबीत मुरला होता. जुन्या ब्रशनं आणि स्पिरिटनं हलकं घासलं. माइकचा आवाज पुढं नेणारा एक कपॅसिटर होता, त्याचं एक टोक पार खाऊन गेलं होतं. बाकी सगळं शाबूत. मीटर लावून दोनदा पाहिलं. त्या एका दाण्यापायी बाईचा कान गेला होता.

दाणा माझ्याकडं होता. मेलेल्या चार्जरांच्या, रेडिओंच्या बोर्डांवरून काढलेले असे कितीतरी मी काचेच्या बाटल्यांत ठेवते. त्यांच्यावर काही लिहिलेलं नसतं, म्हणून बाटलीला चिठ्ठी लावावी लागते. एकदा मिसळले की सगळे सारखेच. मीटरवर मोजून नीट पाहून एक बाजूला ठेवला.

वाती विझल्या, मी उठले, तोच पत्रू आला. ओसरीवर चप्पल काढून उभा राहिला. चाळिशीचा माणूस, नम्र. बसा म्हटलं तरी बसला नाही. तो ती डबी परत न्यायला आला होता.

त्याचं म्हणणं असं की काकूला उगाच आस लावू नये. गेल्या उन्हाळ्यात एकदा मशीनचा सेल उतरला होता आणि काकूला ते कळलंच नाही. त्यानं हाक मारली, तिघीचौघींनी मारली, ही आपली पान तोडतच राहिली. पन्नास पावलांवर जनावर, म्हणजे वाघ, बसलेलं होतं. वानरं ओरडत होती, सगळ्या जंगलाला कळलं होतं, हिला नाही. शेवटी तोच पळत जाऊन तिचा हात धरून तिला घेऊन आला. सांगताना त्याचा स्वर बदलला. त्यानं ते बनवून सांगितलं नव्हतं.

"माह्यावर जिम्मेदारी आहे, बाई," तो म्हणाला. "दुकानवाला फेकून द्या म्हनून राह्यला, आन् तुमी तिले आयतवार सांगून देला."

मी विचारलं, दुकानात त्यांनी डबी उघडली होती का.

"उघडाले काय आहे त्यात."

"मी उघडली, पत्रूभाऊ."

तो टेबलाकडं पाहू लागला. भिंग, आयर्न, बाटल्यांची ओळ, आणि पलीकडं देवघरात विझलेल्या वाती.

"तुमी देवाधर्माच्या बाई," तो म्हणाला, अगदी आदरानं. "वाती लावा, पोथी वाचा. हे कायले करता?"

"थे पन करतो, हे पन करतो," मी म्हटलं. "डबी राहू द्या इथी."

माझा आवाज मुळातच लहान आहे. लोकांना वाटतं मी विनंती करते आहे. पत्रूलाही तसंच वाटलं असावं, कारण तो थोडा मऊ झाला आणि त्यानं एक अट घातली. रविवारी सांजच्याला तो मोहाडटोल्यात काकूला तिच्या अंगणाच्या एका टोकाला उभी करील आणि पाठीमागून हाका मारील, तिनं वळून पाहायचं नाही. ऐकू आल्या तर सोमवारी चल. नाही तर फडावर बस, आणि मग त्यावर कोणी बोलायचं नाही. तिच्या जागी टोळीत गावातल्या दिव्यानी नावाच्या एका पोरीला घ्यायचं ठरत होतं, तिला तोवर थांबवून ठेवतो म्हणाला. मला अट रास्त वाटली. मी तसं बोलूनही दाखवलं.

शुक्रवारी वाती लावल्या आणि बसले. मनगट टेकवलं, कोपर टेकवलं. जुना दाणा काढला, जागा साफ केली, नवा ठेवला, आयर्नचं टोक लावलं. सोल्डर बसेना. थेंब गोल होऊन बाजूला घरंगळला, अळूच्या पानावरचं पाणी जसं. पुन्हा लावलं, तर एका टोकानं पकडलं आणि दाणा त्याच टोकावर उभा राहिला. असं होतं कधीकधी. निजवला, पुन्हा लावलं, पुन्हा उभा. तिसऱ्या वेळेला मी आयर्न जरा जास्त दाबलं. हे मी करायला नको होतं. बोर्डावरचा तांब्याचा ठसा, ज्यावर दाणा बसतो, तो उष्णतेनं सुटला आणि आयर्नच्या टोकाला चिकटून वर आला.

मी आयर्न खाली ठेवलं. मौन होतं म्हणून बरं, नाही तर तोंडून काय निघालं असतं कोण जाणे.

वाती विझेपर्यंत तशीच बसून राहिले. इतकी वर्षं हे करते आहे, चूक झाली तर कुठं झाली ते मला कळायला हवं. सोल्डर नीट धरावा म्हणून लावतात तो फ्लक्स ठीक होता, आयर्न ठीक होतं, सोल्डरची तार तीच. मग भिंगाखाली सहज चिमटा धरला. त्याच्या टोकाला कापसाचा एक तंतू चिकटलेला होता, आणि तो तंतू तुपानं चमकत होता.

तेहेतीस वाती तुपात बुडवून, पदराला हात पुसून मी टेबलाशी बसले होते. जन्मभर ज्या हातानं देवाला तूप लावलं, तो हात घाण असू शकतो हे माझ्या मनात येणंच शक्य नव्हतं. चिमट्याला तूप, दाण्याला तूप, ठशाला तूप. तापलं की ते जळून काळं पापुद्र्यासारखं बसतं आणि त्यावर सोल्डर धरत नाही. वच्छलाबाईंकडं मी दुपारी जायचे, तेव्हा वाती कधीच्या विझलेल्या आणि भांडीही घासून झालेली असायची. म्हणून हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांना सांगायची वेळच आली नाही.

बोलायला मोकळी झाले तशी यांना सांगितलं. हे ऐकून गंभीर झाले. मग म्हणाले की दोन दिवस काम आधी कर, वाती नंतर लाव, देव काय पळून चालला आहे. मी म्हटलं, वाती आधीच लागतील. मग म्हणाले की मग काम राहू दे, पत्रूही नाही म्हणतो, दुकानवालाही नाही म्हणतो, आता ठसाही उखडला, तू काय सगळ्यांपेक्षा शहाणी आहेस का.

"हात धुईन," मी म्हटलं.

शनिवारी काम बंद ठेवलं. बाजारात जाऊन रिठे आणले आणि एक नेलपॉलिश. बिनरंगाचं द्या म्हटलं तर दुकानातली मुलगी हसली. काकू, लावायचंच तर रंगाचं लावा, म्हणाली. मला ते बोर्डाला लावायचं होतं. जोड पक्का झाला की वरून त्याचा हात दिला तर पुढं घाम आत जात नाही. तिला हे समजावत बसले नाही. घरी आल्यावर यांनी बाटली पाहिली आणि अधिक महिन्यात काय काय पाहावं लागणार आहे, असं कडुनिंबाला उद्देशून म्हणाले.

रविवारी वाती लावल्या. मग रिठ्याच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, पुन्हा धुतले. चिमटा स्पिरिटनं पुसला, बोर्ड पुसला, मग बसले.

उखडलेला ठसा परत येत नाही. पण त्याच्यापर्यंत येणारी तांब्याची रेघ बोर्डाच्या हिरव्या थराखाली असतेच. शिवणाच्या सुईनं, दोन तांदळांच्या लांबीएवढा तो थर मी खरवडत गेले. सुई जरा जास्त रुतली तर रेघही गेली असती. हळूहळू खालून लाल तांबं दिसलं, चकचकीत. जुन्या इअरफोनच्या तारेतला केसाएवढा एक धागा घेतला, त्याची दोन्ही टोकं आयर्ननं जाळून उघडी केली. मग दाणा ठेवला. एका टोकाला शाबूत ठसा होता, तिथं सोल्डर दिला. बसला. थेंब पसरला, कडेपर्यंत गेला, चमकला. मी श्वास सोडला, पुन्हा घेतला. दुसऱ्या टोकाला केसाची तार, तारेचं दुसरं टोक खरवडलेल्या रेघेवर. घाम भुवईवरून भिंगावर पडला. पुसायला हात उचलला नाही. डाव्या डोळ्यानं धूसर, उजव्यानं नीट, असं पाहत तेही बसवलं.

सेल घातला. तारेच्या टोकाचा बोळा कानात घातला, डबीवरचं आवाजाचं चाक फिरवलं.

आधी काही नाही. मग देवघरातून वाती तडतडल्या. इतक्या मोठ्यानं की मी दचकले. मग भिंतीवरचं घड्याळ, मग अंगणात वर्तमानपत्राचं पान उलटलं. हे जिथं बसले होते तिथून हे नुसते खाकरले, तो आवाज माझ्या कानाशी आला.

हे दारात आले आणि विचारलं, झालं का. चौदा वाती अजून जळत होत्या. मी काहीच बोलू शकत नव्हते. यांनी माझा चेहरा पाहिला, डोळ्यांत पाणी पाहिलं, आणि उलटाच अर्थ घेतला. जाऊ दे, म्हणाले, तू तुझं केलं, त्या बायनाबाईचं नशीब. आणि ते परत जाऊन बसले. मी बोर्डावर नेलपॉलिशचा हात दिला, वाळायला ठेवलं, आणि त्या चौदा वाती विझायची वाट पाहत बसले. इतका लांब मौनाचा वेळ मी कधी काढला नव्हता.

यांना सांगून झालं, डबी बंद करून झाली, आणि दुपारी पत्रूला फोन लावला. ठरल्याप्रमाणं तो तीनच्या सुमारास मूलला येऊन डबी नेणार होता. तो म्हणाला, येत नाही. काल पानं घेणाऱ्या ठेकेदाराच्या माणसानं टोळीची नावं मागितली, दिव्यानीचं नाव देऊन टाकलं. आणि काकूही मानली. फडावर बसते म्हणाली. आता तुम्ही त्रास घेऊ नका, बाई, बुधवारी येईल ती बाजारात, तेव्हा द्या मशीन.

मी विचारलं, काकू कशी मानली.

"मी विचारलं, तिनं मान हालवली."

"पत्रूभाऊ," मी म्हटलं, "तिले ऐकू येत नाई. तुमी काय विचारलं थे तिले समजलं का?"

त्यावर तो म्हणाला की आता नाव गेलं आहे. मी म्हटलं, नाव गेलं तसं परत येतं. अट तुम्ही घातली होती, रविवारी सांजच्याला हाका मारून पाहायची. रविवार अजून संपला नाही. तो म्हणाला की पण डबी तिथं, काकू इथं, सांजपर्यंत पोचवील कोण. मी म्हटलं, बघते, आणि फोन ठेवला.

यांच्या पायांना महिनाभर सूज आहे, गाडी चालवायला डॉक्टरांनी मना केलं आहे. साडेतीनची एसटी मोहाडटोल्याच्या फाट्यावर सोडते. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. म्हणजे रात्र तिथंच. मी पिशवीत लुगडं घातलं, तुपाची लहान बरणी, वळलेल्या तेहेतीस वाती, निरांजन. डबी रुमालात बांधून वेगळी ठेवली.

हे उठून उभे राहिले. म्हणाले की नेम मोडतो. बाविसाव्या वर्षापासून तू अधिक महिना धरतेस, एकदाही घराबाहेर रात्र काढली नाहीस. माझी आई असती तर तिनं उंबरा ओलांडू दिला नसता. एका मशीनसाठी.

ते रागावले नव्हते, घाबरले होते. यांच्या आईनं हा नेम मला दिला होता, आणि त्या घरात तो मोडलेला कोणी पाहिला नव्हता. मी यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला, रात्रीची भाकर कुठं झाकली आहे ते सांगितलं.

"वाती उद्याही लागतील," मी म्हटलं. "बायनाबाईच्या अंगणात लागतील."

"थे चालते का?"

"नेम माहा आहे. घराचा नाई."

"आन् देवाले काय सांगशील?"

"देवाले माहीत आहे. म्हून तुमाले सांगून राह्यली."

चाळीस वर्षांत मी यांना असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही, यांनाही आठवलं नसावं. मग ते आत गेले आणि सेलचं नवं पाकीट घेऊन आले. रिमोटसाठी आणलं होतं. ते त्यांनी माझ्या पिशवीत टाकलं आणि म्हणाले, पत्रूनं नाही म्हटलं तर. मी म्हटलं, पत्रू नाही म्हणणार नाही, तो स्वतः घातलेल्या अटीचा माणूस आहे. आणि म्हणालाच, तर मी फडावर जाऊन ठेकेदाराच्या माणसाशी बोलेन. माझा आवाज लहान आहे, पण जवळ जाऊन बोललं की ऐकू जातो.

एसटीत गर्दी नव्हती. कंडक्टरनं विचारलं, फाट्यावर कोणाकडं, बाई. मी म्हटलं, काम आहे.

फाट्यावर उतरले तेव्हा ऊन अजून कडक होतं. तिथून गाव अर्धा कोस. दोन्ही बाजूंनी धानाच्या कोरड्या बांध्या, उघडा रस्ता, लांब टोकाला मोहाची झाडं आणि त्यांच्याआड कौलं. गाडी धूळ उडवत गेली. धूळ बसली तशी मी रुमाल सोडला. एसटीच्या हिसक्यांनी जोड सुटला तर नाही ना, ते गावात पोचून कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं. बोळा कानात घातला, चाक फिरवलं.

कोरडं गवत. लांबवर टिटवी. माझ्याच चपलेखालची खडी, इतकी जवळ की कोणी सोबत चालत असावं. गावाकडून कुठल्या तरी बाईनं कोणाला तरी हाक मारली, आणि दुसरीनं ओ दिली. दोन्ही मला स्वच्छ ऐकू आल्या.

चाक बंद केलं, सेल वाचवायला. डबी रुमालात गुंडाळली, पदर डोक्यावर घेतला आणि चालायला लागले.